मामंजींना व्हाया इंग्रजी आणू नका

प्रति,
महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांचे आणि चित्रपट महोत्सवांचे आयोजक

स.न.वि.वि.

वर्षातून एखादा तरी जुना कन्नड चित्रपट तुम्ही दाखवता. तो कादंबरीवरचा असेल, घरातल्या माणसांचा असेल, तर खुर्च्या भरतात, कारण कादंबरी मराठीत वाचलेली माणसं मुद्दाम येतात. सगळ्यात जास्त गर्दी अर्थातच कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'ला. उमा कुलकर्णींच्या अनुवादामुळे हे पुस्तक मराठी घरांतलंच झालं आहे. ब. व. कारंत आणि गिरीश कार्नाड यांनी मिळून त्यावर चित्रपट केला, १९७१ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचा मान दोघांना मिळाला, आणि त्याचं संगीत भास्कर चंदावरकरांचं, म्हणजे पुण्याचंच. एवढं सगळं जवळचं. तरीही प्रेक्षक बघतो काय, तर नंजनगूडच्या श्रोत्रींचं घर, कपिलेचा काठ आणि त्याखाली इंग्रजी ओळी.

आमची मागणी एकच आहे. कन्नड कौटुंबिक चित्रपटाला मराठी सबटायटल द्या, आणि ती थेट कन्नडवरून करून घ्या. तयार इंग्रजी फाईल मशीनमधून किंवा घाईत असलेल्या माणसाच्या हातून मराठीत फिरवून घेणं म्हणजे मराठी सबटायटल नव्हे. अलीकडे तेच होऊ लागलं आहे, म्हणून हे पत्र. आम्ही कन्नड-मराठी सबटायटलचं काम करणारी माणसं आहोत. काम कसं करावं, कुठे फसतं आणि का फसतं ते इथे लिहितो. पटलं तर करा, नाही पटलं तर निदान इंग्रजी ओळी आहेत तशा ठेवा. वाईट मराठीपेक्षा त्या बऱ्या.

आधी एक नमुन्याचं वाक्य घेऊ. कुठल्या चित्रपटातलं नाही, आम्हीच बनवलेलं: 'मावनवरु मडियल्लिद्दारे, मुट्टबेडा.' बोलायला दोन सेकंद लागतात. मराठीत: 'मामंजी सोवळ्यात आहेत, शिवू नकोस.' पंधरा अक्षरं, दोन सेकंदांत वाचून होतात. हेच इंग्रजीतून आलं की असं होतं: 'सासरे धार्मिक शुद्धतेच्या अवस्थेत आहेत, त्यांना स्पर्श करू नका.' पंचवीस अक्षरं, सव्वातीन सेकंद. तोवर पडद्यावरचं माणूस पुढचं वाक्य संपवून आत गेलेलं असतं. त्यात 'मुट्टबेडा' हे एकेरी आहे, सांगणारी बाई लहान पोराला सांगते आहे. इंग्रजीत एकेरी-अनेकवचनी काही उरलं नाही, म्हणून 'नका' आलं आणि घरातलं पोर एकदम पाहुणं झालं. ओळ लांबली, अर्थ गेला, नातंही गेलं. एकाच वाक्यात तिन्ही.

कन्नड नात्यांचे शब्द समजून घेतल्याशिवाय या कामाला हात लावू नये. 'मावा' म्हणजे मामा, सासरा आणि आत्याचा नवराही. 'अत्ते' म्हणजे आत्या, सासू आणि मामी. 'अळिया' म्हणजे जावई, आणि भाचाही. हा गोंधळ नाही, व्यवस्था आहे. आतेमामे भावंडांत लग्न होणाऱ्या समाजात सासरा हा आधीपासूनच मामा असू शकतो. ही व्यवस्था मराठीला परकी नाही. आपल्या 'मामंजी' आणि 'आत्याबाई' या हाकांत तीच जपून राहिली आहे. इंग्रजीत सासऱ्याला मारायची हाकच नाही, त्यामुळे इंग्रजी ओळीत कधी नुसतं नाव येतं, कधी 'अंकल'वजा काही, कधी वडिलांना वापरतात तोच शब्द. त्या ओळीवरून काम करणारा बिचारा 'वंशवृक्ष'मधल्या कात्यायनीच्या तोंडी श्रोत्रींसाठी 'बाबा' घालतो, आणि विधवा सून नि सासरा यांच्यातलं जे अंतर चित्रपटभर मोजलं जातं ते पहिल्याच प्रसंगात मिटून जातं.

इथे एक सावधगिरी. दक्षिणेत मुलीचं लग्न आईच्या धाकट्या भावाशीही होतं. म्हणून एखादी बाई नवऱ्याला किंवा होणाऱ्या नवऱ्याला 'मावा' म्हणताना ऐकू आली, तर डोळे मिटून 'मामा' लिहू नका. मराठी प्रेक्षकाला मामा-भाचीचं लग्न चालत नाही, तो दचकतो आणि पुढची दहा मिनिटं तेच नातं सोडवत बसतो. तिथे नाव किंवा 'अहो' वापरा आणि नातं कळण्यासाठी योग्य वेळी एक शब्द आत सरकवा.

'अहो'वरून आठवलं. कन्नड बायको नवऱ्याला 'री' किंवा 'एनंद्रे' म्हणून हाक मारते. इंग्रजीत त्याचं 'ऐका' होतं. आपल्याकडे त्याला जसाच्या तसा 'अहो' आहे, आणि मराठीत 'ऐका' असं नवऱ्याला सुनावणारी बाई भांडणाच्या तयारीत असते.

दारातून बाहेर पडणारा माणूस 'होगि बर्तीनि' म्हणतो, म्हणजे 'जाऊन येतो'. इंग्रजी ओळ 'निघालो' एवढीच असते, आणि तिची मराठी होते 'मी जातो'. मराठी घरात 'जातो' म्हणणाऱ्याला उंबऱ्यातून परत बोलावून 'येतो म्हण' असं सांगणारं कुणीतरी असतंच. 'वंशवृक्ष'सारख्या ज्या कथेचा पायाच घरातला तरुण मुलगा नदीत बुडाल्यावर घातला गेला आहे, तिथे असा 'जातो' प्रेक्षकाला खुणेसारखा वाटतो. खूण लेखकाने केलेली नसते, सबटायटलवाल्याने केलेली असते.

मराठीला स्वतःच्याही अडचणी आहेत. कन्नडमध्ये 'बर्तीनि'वरून बोलणारा पुरुष की बाई हे कळत नाही, मराठीत 'येतो' किंवा 'येते' ठरवावंच लागतं. आदरार्थी 'अवरु' पुरुषालाही चालतो, बाईलाही. आपल्याला 'ते' किंवा 'त्या' निवडावं लागतं. स्वयंपाकघरातून आवाज येतो, बोलणारं माणूस चौकटीत नसतं, आणि नुसत्या संवादांच्या कागदावरून काम करणारा चुकतो. म्हणून अनुवाद नेहमी चित्र समोर ठेवून करायचा, कागदावरून नव्हे. कागद पाठवून 'दोन दिवसांत करून द्या' म्हणणाऱ्या आयोजकाला नम्रपणे नाही म्हणावं असं आमचं मत आहे.

अनुवादाला बसण्याआधी एक तक्ता करा. उभ्या आणि आडव्या रांगांत पात्रांची नावं, प्रत्येक चौकोनात 'नीनु' की 'नीवु', म्हणजे तू की तुम्ही. आठ पात्रं असली तर छप्पन्न चौकोन होतात, कारण अ ब-ला काय म्हणतो आणि ब अ-ला काय म्हणतो हे वेगळं धरायचं. हा तक्ता भरायला एक पूर्ण पाहणी जाते, पण पुढचे तंटे वाचतात. एखाद्या चौकोनात मध्येच बदल झाला, 'नीवु'चं 'नीनु' झालं किंवा उलट, तर त्या ठिकाणची वेळ लिहून ठेवा. कौटुंबिक चित्रपटात तो बदल हीच घटना असते. इंग्रजीत ती दिसत नाही, मराठीत फुकट मिळते. ती हातची घालवणं हा करंटेपणा.

आता फसवे शब्द. लिपी वेगळी असली तरी संस्कृत शब्द कानाला ओळखीचे वाटतात आणि तिथेच पाय घसरतो. कन्नड 'अनुमान' म्हणजे संशय. 'प्रपंच' म्हणजे जग, दुनिया. 'अवसर' म्हणजे घाई. 'समाधान माडको' म्हणजे 'शांत हो, सावर स्वतःला', 'समाधान मान' नव्हे. 'तिथि' म्हणजे बहुतेक वेळा श्राद्ध. 'नाळे तिथि इदे' याचं 'उद्या तिथी आहे' केलं तर प्रेक्षक विचारेल, कुठली तिथी? 'उद्या श्राद्ध आहे' म्हटलं की काम झालं. उलट 'मडी' आणि 'मैलिगे' हे शब्द अनोळखी वाटतात, पण सोवळं आणि विटाळ हे त्यांचे जोडीदार आपल्या तोंडात आहेत. 'सारु'ला 'सूप' म्हणणारी इंग्रजी ओळ आम्ही समजू शकतो. तिच्यावरून मराठीत 'सूप' लिहिलेलं मात्र समजू शकत नाही. सार आपल्याकडेही होतं.

संस्कृत मंत्र आणि श्लोक येतात तिथे इंग्रजीत कंसात 'मंत्रोच्चार' एवढंच असतं. मराठीत श्लोक देवनागरीत जसाच्या तसा द्या. प्रेक्षकातले निम्मे लोक तो सोबत पुटपुटतील. पडद्यावर पत्र, तार, पाटी दिसते, तीही कन्नडमध्ये असते. तिची ओळ बहुतेक फायलींत सुटलेलीच असते, कारण ऐकून काम करणाऱ्याला ती ऐकू येत नाही. शेवटच्या पाहणीत आवाज बंद करून फक्त या गोष्टी शोधा.

गाण्यांबद्दल थोडक्यात. यमक जुळवू नका. ध्रुवपद पहिल्या दोन वेळा द्या, नंतर नाही. आलाप-तानांवर ओळ धरून ठेवू नका. अ. न. कृष्णरावांच्या कादंबरीवरच्या 'संध्याराग'मध्ये (१९६६) भीमसेन जोशी गायले आहेत. तिथे ओळ जितकी लवकर पडद्यावरून उतरेल तितकं बरं, लोक ऐकायला आलेले असतात.

इंग्रजीवरून करू नका म्हणण्याचं आणखी एक कारण साधं गणिती आहे. सबटायटल म्हणजे संवादांचा संक्षेप. वाचायला वेळ लागतो म्हणून इंग्रजी करणाऱ्याने समजा एक तृतीयांश बोलणं गाळलं. त्यावरून मराठी करणाऱ्याने पुन्हा एक तृतीयांश गाळलं. प्रेक्षकाकडे दोन तृतीयांशाचे दोन तृतीयांश पोचले, म्हणजे निम्म्याहून कमी. आणि दुसऱ्याने नेमकं काय गाळलं हे ठरवताना मूळ त्याच्यासमोर नव्हतं.

आता कामाकडे. दोन तासांच्या बोलक्या घरगुती चित्रपटाला साधारण हजार ओळी पडतात. पहिलं काम कन्नड संवाद ऐकून उतरवणं, कारण जुन्या चित्रपटांच्या संवादवह्या सहसा हाती लागत नाहीत. याला पंचवीस ते तीस तास. अनुवादाला तेवढेच. वेळा बसवायला बारा ते पंधरा. मग दोन पूर्ण पाहण्या, एक कन्नड येणाऱ्यासोबत आणि एक कन्नड अजिबात न येणाऱ्यासोबत, दुरुस्त्यांसकट दहा-बारा तास. सगळं मिळून सत्तर ते नव्वद तास होतात. महोत्सवाच्या आधल्या आठवड्यात हे होत नाही. तीन महिने आधी कॉपी हातात द्या.

ऐकून उतरवायला माणसं कुठून आणायची, असा प्रश्न येतोच. सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या भागांत घरात कन्नड आणि शाळेत मराठी असलेली माणसं भरपूर आहेत. त्यांना घ्या, पण एक ध्यानात ठेवा. त्यांची कन्नड उत्तरेकडची. धारवाडच्या बाजूला 'काका' आणि 'वैनी' हे शब्द कन्नडमध्येही चालतात. 'वंशवृक्ष'मधली घरं नंजनगूड-म्हैसूरची. तिथे 'चिक्कप्पा' आणि 'अत्तिगे' आहेत, क्रियापदांची शेपटंही वेगळी. त्यामुळे उतरवलेला मजकूर जुन्या म्हैसूरकडच्या एका माणसाकडून तपासून घ्यायचा. उलट उत्तर कर्नाटकात घडणारा चित्रपट असेल तर हीच सोलापूर-जतची माणसं बंगळूरवाल्यांपेक्षा चांगलं ऐकतात.

ओळीची लांबी ठरवताना सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवू नका. ४२ अक्षरांची मर्यादा रोमन लिपीसाठी आहे आणि सॉफ्टवेअर मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं सुटं मोजतं. 'स्त्री' हे त्याच्या हिशेबात सहा होतात. 'श्रीनिवास श्रोत्री' मधली जागा धरून अठरा होतात, वाचणाऱ्याला मात्र सहाच अक्षरं दिसतात. आम्ही एका ओळीत वीस ते बावीस अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि वाचायला सेकंदाला सात-आठ अक्षरं धरतो. सबटायटल एका सेकंदापेक्षा कमी वेळ ठेवायचं नाही आणि सहा-सातपेक्षा जास्त नाही, कारण मग लोक तेच पुन्हा वाचतात. दोन सबटायटलांमध्ये दोन फ्रेमची (फ्रेम म्हणजे फिल्मवरचं एक सुटं चित्र) फट हवी, नाहीतर ओळ बदलली हे डोळ्याला कळतच नाही. ओळ तोडताना विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय नामापासून तोडू नका. 'आईच्या' वर आणि 'बरोबर' खाली असं दिसलं की आमचा जीव जातो.

ज्या चुकीने सर्वात जास्त खेळ बिघडतात ती वेळेची आहे, आणि ती अगदी साधी आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर तोच २५ ने चालवलेला असतो, म्हणून १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. डीव्हीडीवर बसवलेली फाईल २४ च्या कॉपीवर लावली की ओळी संवादाच्या आधी येऊ लागतात, मिनिटाला अडीच सेकंदांनी. दहाव्या मिनिटाला पंचवीस सेकंदांचा फरक पडतो. तेव्हा प्रोजेक्शनवाला फाईल पंचवीस सेकंद मागे सरकवतो, क्षणभर जुळतं, आणि पुन्हा पळतं. सरकवून उपयोग नाही, सगळ्या वेळांना २५ भागिले २४ ने गुणावं लागतं. 'सबटायटल एडिट' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलण्याची सोय आहे, एका मिनिटाचं काम. २३.९७६ आणि २४ चा घोळ जास्त फसवा: तासाला ३.६ सेकंद, त्यामुळे सुरुवातीच्या चाचणीत सगळं छान दिसतं आणि शेवटच्या प्रसंगात ओळी सात सेकंद चुकलेल्या असतात. नेमका तो प्रसंग, ज्यासाठी लोक थांबलेले असतात. म्हणून चाचणी नेहमी पहिल्या आणि शेवटच्या संवादावर करा, मधल्या कुठल्यातरी नाही.

फरक एकसारखा वाढत नसेल, टप्प्याटप्प्याने उडी मारत असेल, तर दोष रिळांचा. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, २००० फुटांचं रीळ बावीस मिनिटं चालतं, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला अशी सहा रिळं. प्रत्येक रिळाचं तोंड आणि शेपूट वर्षानुवर्षं तुटून पुन्हा चिकटवलेलं असतं, त्यात फ्रेम गेलेल्या असतात. दोन वेगवेगळ्या प्रिंटांवरून केलेल्या डिजिटल कॉप्या त्यामुळे रिळाच्या सांध्यावर अर्धा ते दोन सेकंद इकडेतिकडे असतात. सांधे शोधायला सोपे आहेत. रीळ संपण्याच्या साधारण आठ सेकंद आधी आणि मग एक सेकंद आधी चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकतो. तिथून पुढची फाईल नव्याने जुळवा, रिळागणिक एकदा.

देवनागरीचे प्रश्न वेगळे. फाईल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत, जतन करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये फिरवून घ्या, नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा येतो. वेळेचे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच हवेत, आणि नेहमीच्या एसआरटी फाईलमध्ये सेकंदांनंतर टिंब नाही, स्वल्पविराम. हौसेने तिथे देवनागरी अंक घातले की प्लेअरला वेळ कळत नाही आणि ती ओळ येतच नाही.

सगळ्यात गमतीचा घोटाळा 'ऱ्या'चा. हा दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं. फाईल या सॉफ्टवेअरमधून त्यात जाताना ते चिन्ह कधी कधी गळतं आणि अर्ध्या र-चा रफार होतो. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. शास्त्र्यांच्या घरातल्या लग्नात 'आचाऱ्यांना बोलवा' असं वाक्य असेल तर पडद्यावर 'आचार्यांना बोलवा' येतं, आणि पुढच्या दृश्यात माणूस झारा घेऊन हजर होतो. यावर उपाय म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून टाइप करणं, आणि शेवटी फाईलमध्ये 'र्य' शोधून प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी बघणं. खेळाच्या आदल्या दिवशी सभागृहातल्याच यंत्रावर एक चाचणी-ओळ चालवा: 'किंचित तऱ्हेवाईक श्रोत्री, कृष्णशास्त्री, रूक्ष शक्ती.' पहिली वेलांटी क-च्या उजवीकडे उभी राहिली किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडली, तर त्या प्लेअरला देवनागरी जोडता येत नाही. मग ओळी चित्रातच कोरून घ्या.

फॉन्ट मध्यम जाडीचा घ्या. 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' चालतात. १०८० पिक्सेल उंचीच्या चित्रात आकार ५४ ते ६० पिक्सेल, दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या सव्वा ते दीडपट, कारण वरच्या ओळीचा ऊकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसतात. काळी किनार दोन-तीन पिक्सेल, त्यापेक्षा जास्त नको. किनार जाड झाली की ध आणि घ, भ आणि म, ष आणि प यांतला फरक बुजतो. पण किनार हवीच. कृष्णधवल चित्रपटात धोतरं पांढरी, भिंती पांढऱ्या, नदीवरचं आकाश पांढरं. किनारीशिवाय पांढरी अक्षरं घाटाच्या दृश्यात चक्क विरघळतात. खालून चौकटीच्या उंचीच्या आठ टक्के जागा सोडा, नाहीतर पडद्याच्या काळ्या कापडाखाली उकार कापले जातात.

कॉपीवर इंग्रजी ओळी आधीच छापलेल्या असतील, आणि महोत्सवांसाठी काढलेल्या जुन्या प्रिंटांवर त्या असतातच, तर त्यांच्या डोक्यावर मराठी छापू नका. चित्र मूळच्या ८५ टक्क्यांइतकं लहान करून खाली मोकळी झालेली काळी पट्टी मराठीला द्या. जुन्या चौरसाकडे झुकणाऱ्या चौकटीला रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळी जागा असतेच, चित्र थोडं लहान झालेलं कुणाला जाचत नाही. दुसरा प्रोजेक्टर लावून पडद्याखाली वेगळी पट्टी टाकण्याचीही पद्धत आहे. तिला एक माणूस पूर्ण वेळ लागतो, जो ओळी हाताने पुढे सरकवतो, आणि त्याला कन्नड कळलंच पाहिजे. त्याला एकदा डुलकी लागली की पंधरा ओळी गेल्या.

परवानगीचं राहिलं. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे सत्तरच्या दशकातला एकही चित्रपट आज मोकळा नाही. प्रदर्शनाची परवानगी मागता त्याच पत्रात मराठी सबटायटलची परवानगी मागून ठेवा, एका वाक्याचं काम आहे. आणि छापील मराठी अनुवादातली वाक्यं उचलून ओळींत घालू नका. तो हक्क अनुवादकाचा आणि प्रकाशकाचा. शिवाय उपयोगही नाही, कारण पुस्तकात जे अर्ध्या पानात सांगितलं आहे ते पडद्यावर चार शब्दांत किंवा नुसत्या बघण्यात आलेलं असतं. नावांची मराठी रूपं मात्र अनुवादातलीच ठेवा, वाचून आलेल्या माणसाला दुसरा श्रोत्री भेटल्यासारखं वाटू नये.

काम करणाऱ्यांची नावं शेवटच्या ओळीत द्या, आणि झालेली फाईल एका खेळानंतर पेनड्राइव्हमध्ये मरू देऊ नका. एका गावच्या सोसायटीने केलेली फाईल दुसऱ्या गावाला द्यायला, परवानगी असेल तर, काहीच हरकत नाही. फक्त देताना सोबत तीन गोष्टी लिहा: कॉपीची एकूण लांबी मिनिट-सेकंदांत, तिचा फ्रेमरेट, आणि पहिल्या व शेवटच्या संवादाची नेमकी वेळ. एवढं असेल तर समोरचा माणूस अर्ध्या तासात ती आपल्या कॉपीवर बसवू शकतो.

कळावे,
कन्नड-मराठी सबटायटलचं काम करणारे काही जण